माशांना औषध देताना



जैन घरात माशांची टाकी कशी काय, असं गेल्या वर्षभरात मला बऱ्याच जणींनी विचारलं. उत्तर साधं आहे. वरच्या मजल्यावरचं कुटुंब बदली होऊन नागपूरला गेलं. शंभर लिटरची टाकी, चार गोल्डफिश आणि एक सकर मासा एवढ्या लांब नेणं त्यांना जमेना. दुकानदार परत घ्यायला तयार नव्हता, आणि त्यांचा मुलगा "उल्हास नदीत सोडून येतो" म्हणत होता. ते ऐकून आम्ही टाकी खाली आमच्याकडे घेतली. आमच्या घरात मासे विकत आणले जात नाहीत, पुढेही आणले जाणार नाहीत. हे पाच जीव आहेत तोवर त्यांचं करायचं, एवढंच ठरलं आहे.

आज मात्र टाकीबद्दल नाही, औषधाबद्दल लिहायचं आहे. आषाढात या माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठले. औषध कुठलं घालायचं, घालायचं की नाही, यावर घरात जी चर्चा झाली ती मला माशांपुरती वाटली नाही. गव्हातले पोरकिडे, मुलांच्या डोक्यातल्या उवा, पोटातले जंत, कुत्र्याच्या कानातल्या गोचिड्या, सगळीकडे तोच प्रश्न आहे. एक जीव वाचवायला दुसरे किती जीव घ्यायचे, आणि घ्यायचेच तर कसे?

आधी आजार समजून घेऊ. या ठिपक्यांना दुकानात 'व्हाइट स्पॉट' किंवा 'इक' म्हणतात. ते इक्थिऑफ्थिरिअस नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होतात. माशाच्या अंगावर रवा भुरभुरल्यासारखे दिसणारे ठिपके म्हणजे त्वचेखाली बसलेला तो जीव. त्याचं आयुष्य तीन टप्प्यांचं असतं. पहिल्यात तो माशाच्या त्वचेत किंवा कल्ल्यांत शिरून वाढतो. दुसऱ्यात तिथून गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत विभागत राहतो. एकाचे शेकडो होतात. तिसऱ्यात ती पिल्लं कवच फोडून बाहेर येतात आणि पोहत नवीन मासा शोधतात. उबदार पाण्यात साधारण दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात.

औषध लागू पडतं ते फक्त या तिसऱ्या टप्प्यात. त्वचेखाली बसलेल्याला ते पोचत नाही, कवचातल्यालाही नाही. म्हणून एकदा औषध घालून भागत नाही, पुन्हापुन्हा द्यावं लागतं. पाणी २४ ते २६ अंशांवर असेल तर हे चक्र तीन ते सहा दिवसांत पुरं होतं. थंड पाण्यात त्यालाच काही आठवडे लागतात.

आमच्याकडे हे पावसाळ्यात का झालं, तेही यातून कळतं. कर्जतचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे, वैशाखात टाकीचं पाणी हाताला कोमट लागतं. मग एकदम घाटाखालचा पाऊस सुरू होतो, चार-चार तास वीज जाते, हवेचा पंप बंद पडतो आणि पाणी गार होतं. माशांवर ताण आला की त्यांची प्रतिकारशक्ती कमी होते. एखाद्या माशाच्या कल्ल्यांत गपचूप बसलेला परजीवी मग डोकं वर काढतो.

आता चर्चेकडे वळते.

आमचे हे खोपोलीला कारखान्यात आहेत. ते संध्याकाळच्या लोकलने येताना तिथल्या एका दुकानातून हिरव्या औषधाची बाटली घेऊन आले. "दहा थेंब टाक, दोन दिवसांत साफ," असं दुकानदाराने सांगितलं होतं. मात्र बाटलीवर घटकाचं नाव नव्हतं, प्रमाणही नव्हतं. कारखान्यात लेबल वाचल्याशिवाय डबा उघडायचा नाही ही यांना सवय, त्यामुळे बाटली तशीच टेबलावर राहिली.

सासूबाई म्हणाल्या, "काही विष घालू नका गं. घरचं जाडं मीठ टाका चिमूटभर आणि णमोकार म्हणा."

नववीतले चिरंजीव म्हणाले, "आजी, मिठानेसुद्धा ते मरणारच आहेत. मीठ स्वयंपाकघरातलं आहे म्हणून ते अहिंसक होतं का?"

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मग काहीच घालू नका."

"मग मासे मरतील."

इथे गाडी अडली. सासूबाईंचं वाचन माझ्यापेक्षा दांडगं आहे. त्यांनी आचार्य अमृतचंद्रांच्या पुरुषार्थसिद्ध्युपायाची आठवण करून दिली. एका हिंस्र जिवाला मारल्याने पुष्कळांचं रक्षण होईल, असा हिशेब करून त्याला मारू नये, असं आचार्यांनी स्पष्ट सांगितलं आहे. म्हणजे 'पाच मासे वाचवण्यासाठी परजीवी मारणं हे पुण्यच' असं म्हणायची सोय आपल्याला नाही. मासा पंचेंद्रिय आणि तो ठिपका डोळ्यांना जेमतेम दिसणारा, ही पायरी शास्त्राने सांगितली आहे, मोठ्या जिवाच्या हिंसेचा दोष मोठा हेही खरं. पण म्हणून लहान जिवाची हिंसा शून्य होत नाही.

यावर मुलाने जे विचारलं, त्याने आम्ही तिघंही गप्प झालो. "मग शाळेत १० फेब्रुवारीला आम्हाला जंताची गोळी देतात, तेव्हा कोणी का नाही बोलत?" राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून पाळला जातो. त्या दिवशी शाळा-अंगणवाड्यांत अल्बेंडाझोल देतात. पोटातला जंत म्हणजे कृमी, द्वींद्रिय जीव. त्याचं नाव तर आपल्या जीवविचाराच्या पाठात पहिल्यांदा येतं. ती गोळी मीही त्याला दरवर्षी घेऊ दिली आहे, आणि मला त्याचा पश्चात्तापही नाही. पण आपल्या मुलाच्या बाबतीत मनात न आलेला प्रश्न माशाच्या बाबतीत येतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. मासा आपला नसतो म्हणून त्याच्या जिवावर आपण शुद्धतेचा विचार निवांतपणे करू शकतो.

श्रावकासाठी हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. ठरवून, मारण्यासाठीच केलेली संकल्पी हिंसा श्रावकाने सोडायची. घरकामात, पोटापाण्याच्या व्यवसायात आणि बचावात होणारी हिंसा गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही, ती जितकी कमी करता येईल तितकी करायची. आजारी जिवाची शुश्रूषा करताना होणारी हिंसा मी आरंभीत धरते. एखाद्या महाराजांचं मत वेगळं असू शकेल. पण कुठल्याही खणात ठेवली तरी ती हिंसाच आहे आणि तिला धर्म म्हणू नये, यावर मी आणि सासूबाई एक झालो. मग उरलेला प्रश्न कामाचा होता. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेच्या मुळाशी प्रमाद सांगितला आहे, म्हणजे बेसावधपणा. तर सावधपणे औषध देणं म्हणजे नेमकं काय?

त्यासाठी माझ्या मामेभावाला फोन केला. तो रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकला आहे. त्याचं पहिलंच वाक्य होतं, "अक्का, औषधाचं नंतर बघू. आधी ठिपके कसले आहेत ते सांग."

त्याने जे तपासायला सांगितलं ते तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

रव्यासारखे बारीक, उठावदार ठिपके पंखांवर आणि अंगभर असतील, मासा दगडाला अंग घासत असेल, तर इक. अंगातून दोऱ्यासारखं काही लोंबत असेल आणि मुळाशी लाली असेल तर लर्निया, म्हणजे नांगरासारखं डोकं रुतवून बसणारा जीव. चपटी, काचेसारखी पारदर्शक टिकली अंगावर सरकताना दिसली तर माशाची ऊ, अर्ग्युलस. गुदद्वारातून लाल धागे दिसले तर पोटातले जंत. आणि नर गोल्डफिशच्या फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या पंखांच्या कडेला ओळीने पांढरे दाणे आले असतील, तर तो आजारच नव्हे. विणीच्या दिवसांत नराला ते येतातच. बिचाऱ्या कितीतरी धडधाकट नरांना त्या दाण्यांपायी औषधात बुडवलं जातं.

प्रत्येकाचं औषध वेगळं. कृमींवर चालणारं प्राझिक्वांटेल किंवा लेव्हामिसोल इकवर काही करत नाही. इकचं औषध पोटातल्या जंताला लागत नाही. न ओळखता घातलेलं औषध ज्याला मारायचं नव्हतं त्याला मारतं आणि ज्याने त्रास दिला त्याला सोडतं. प्रमाद याहून वेगळा काय असतो?

आमचं दुखणं इकच निघालं. मग औषधांची पाळी. मामेभावाने एकेकाचे गुणदोष सांगितले आणि मी वहीत उतरवून घेतले.

मॅलाकाइट ग्रीन. दुकानातली बहुतेक हिरवी औषधं याचीच किंवा यात फॉर्मेलिन मिसळून केलेली असतात. इकवर ते जोरदार चालतं. पण तो एक रंग आहे, हाताला लावून घेण्यासारखा नाही. खाण्याच्या माशांना ते द्यायला अमेरिकेत आणि युरोपात बंदी आहे. सकरसारख्या माशाला ते जास्त झोंबतं म्हणून निम्म्या प्रमाणात द्यायला सांगतात.

फॉर्मेलिन. हे नाव तुम्हाला २०१८ च्या जुलैत गोव्यात मासळीवरून झालेल्या गदारोळामुळे आठवत असेल. टाकीत ते परजीवीवर चालतं, पण पाण्यातला प्राणवायूही कमी करतं. आमच्यासारखी वीज जाणाऱ्या गावात, हवेचा पंप बंद पडला तर मासे गुदमरतील.

मोरचूद. माहेरी सांगलीकडे द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद आणि चुना कालवताना मी लहानपणापासून पाहिलं आहे. तोच मोरचूद माशांच्या परजीवींवरही वापरतात. पण पाणी मृदू असेल तर औषधाचं प्रमाण आणि विषाचं प्रमाण यांत फारसं अंतर राहत नाही. सह्याद्रीच्या पावसाचं पाणी मृदूच. तेव्हा तो बाद.

मीठ. लिटरला ३ ग्रॅमपर्यंत, हळूहळू वाढवत न्यायचं. पोहणाऱ्या पिल्लांना खारं पाणी सोसत नाही. गोल्डफिशला एवढं मीठ चालतं, सकरला त्रास होतो, पाणवनस्पती करपतात.

ऊब. पाणी ३० अंशांपर्यंत नेलं की परजीवीचं चक्र भरभर फिरतं आणि पुढे त्याची वाढ अडते. सकर मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या उबदार नद्यांचा, त्याला हे मानवतं. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा, त्याला ते जड जातं. शिवाय कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो.

ही यादी पाहून उत्तर आपोआप सुचलं. एकाच टाकीत पाचही माशांना एकच औषध द्यायचं म्हटलं तर कोणीतरी जास्त सोसणार. म्हणून सकरला वेगळ्या टबात घ्यायचं आणि हीटर लावून ३० अंशांवर ठेवायचं. गोल्डफिश टाकीतच, मिठाच्या पाण्यात. बाटली न उघडता परत.

सासूबाईंना मीठ पटलं होतं, पण प्रमाण पटेना. शंभर लिटरला ३०० ग्रॅम! "निम्मं घाला, तेवढेच जीव कमी मरतील." मनातून मलाही ते बरं वाटलं होतं. पण हिशेब करून पाहिला तेव्हा उलटं निघालं. निम्म्या मिठात काही पिल्लं मरतात, काही मासा गाठतात. एकेक वाढून तळाशी जातो आणि त्याचे शेकडो होतात. आठवड्याने पुन्हा औषध करायची वेळ येते तेव्हा मरणारे जीव कितीतरी पटींनी वाढलेले असतात, आणि मासेही हातचे गेलेले असतात. दयेपोटी केलेली ढिलाई शेवटी जास्त हिंसा करते. धान्याचंही तसंच नाही का? पहिला पोरकिडा दिसताच गहू चाळून, किडे अलगद सावलीत सोडून, डबा कोरडा केला तर दोन-चार जीव हलवून भागतं. महिनाभर बघू-बघू केलं की अख्खं पोतं चालायला लागतं.

मीठ आम्ही तीन हप्त्यांत घातलं, १०० ग्रॅम सकाळी, १०० संध्याकाळी, १०० दुसऱ्या सकाळी, दर वेळी तांब्यात विरघळवून. जाडं मीठ आपल्याच रायगडातल्या मिठागरांचं. रोज तळ नळीने ओढून घ्यायचा, कारण कवचातले परजीवी तळाशीच असतात. जेवढं पाणी काढलं तेवढं नवीन घालताना फक्त तेवढ्याच पाण्याचं मीठ मोजून घालायचं, तीस लिटरला ९० ग्रॅम. पंप चालू ठेवायचा, वीज गेली तर बॅटरीवरचा छोटा पंप. टबाचं पाणी गार होऊ लागलं की चिरंजीव स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून झाकण घट्ट लावून त्यात सोडायचा.

तळातून काढलेल्या पाण्यावरून शेवटची चर्चा झाली, आणि मला ती सगळ्यांत मोलाची वाटते. सासूबाई अजून पाणी दुहेरी फडक्याने गाळतात आणि जिवाणी, म्हणजे फडक्यावर राहिलेले जीव, पाण्याने धुऊन जिथलं पाणी तिथेच पोचवायचे, हा त्यांचा माहेरचा नेम. त्या म्हणाल्या, "हे पाणीपण नदीत सोडूया. जगतील तेवढे जगतील."

उल्हास आमच्यापासून दहा मिनिटांवर आहे. पण तो आषाढ होता. पहिल्या पुराला मासे ओढ्यांतून, भातखाचरांतून वर चढतात, अंडी घालायला. आपल्याकडे त्याला वलगण म्हणतात. नेमक्या त्या दिवसांत टाकीतला आजार नदीत सोडायचा? मी सासूबाईंना एवढंच विचारलं, "आई, जिवाणी जिथलं पाणी तिथेच का सोडायची?" त्या थोड्या वेळाने म्हणाल्या, "दुसऱ्या पाण्यात गेले तर ते मरतात. आणि दुसऱ्या पाण्यातले यांच्यामुळे मरतात." नियमाचा अर्थ त्यांना माझ्याहून चांगला ठाऊक होता. टाकीचं पाणी नदीचं नव्हतं, तेव्हा ते नदीत गेलं नाही. ते मोरीतून शोषखड्ड्यात गेलं.

याच कारणाने सकरलाही कधी नदीत सोडता येणार नाही. जीवदया म्हणून दुकानातले मासे आणून नदी-तळ्यात सोडणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, हे करू नका. हा सकर भारतातल्या अनेक नद्या-तलावांत असाच पोचला आहे आणि तिथल्या मूळ माशांच्या मुळावर उठला आहे. उजनीत चिलापीने काय केलं ते आपल्या सोलापूर-पुण्याच्या वाचकांना ठाऊक आहे. तीही परदेशातून आणलेलीच. एका जिवाची सुटका दुसऱ्या हजारोंची अडचण होत असेल तर ती दया अर्धीच म्हणायची.

चौथ्या दिवशी एक गोल्डफिश गेला. त्याच्या कल्ल्यांत आजार आधीच खोल गेला असावा, तो पहिल्या दिवसापासून पृष्ठभागाशी तोंड उघडून असायचा. चिरंजीवाने जेवण टाकलं. सासूबाई त्याच्याजवळ बसून राहिल्या, काही बोलल्या नाहीत. बाकीच्या तिघांचे ठिपके आठव्या दिवशी गेले. ठिपके गेले तरी लगेच थांबायचं नाही, असं मामेभावाने बजावलं होतं. म्हणून आणखी चार दिवस मीठ ठेवलं आणि मग रोज थोडं-थोडं पाणी बदलत कमी केलं. सकर चौदा दिवस टबात राहून परत आला.

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार दिले आहेत: बांधून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं, जास्त ओझं लादणं आणि अन्नपाणी तोडणं. काचेची टाकी हे बंधनच आहे, हे आम्ही नाकारत नाही. गोल्डफिश नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगतो, सकर फूटभर वाढतो. तेव्हा हे काम बरीच वर्षं चालणार. त्यांचा दाणा घेतानाही पाकीट वाचावं लागतं, कारण बहुतेक दाण्यांत मासळीचीच पूड असते. आम्ही स्पिरुलिनाच्या वड्या बघून आणतो, सोबत सोललेला उकडलेला मटार, पालक आणि काकडी.

तुमच्या घरी टाकी असेल तर एवढं आजच करून ठेवा. टाकी किती लिटरची ते मोजून वहीत लिहा, औषधाचा सगळा हिशेब त्यावर आहे. एक थर्मामीटर आणि एक रिकामा टब हाताशी असू द्या. नवीन मासा किंवा वनस्पती आणलीच तर आधी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा. घटकाचं नाव नसलेली बाटली घेऊ नका. आणि कुठलंही औषध घालण्याआधी माशाकडे दहा मिनिटं नुसतं बघा.

भाद्रपदात दशलक्षण आले. क्षमावाणीच्या दिवशी सासूबाईंनी ज्यांची ज्यांची क्षमा मागितली त्यांत त्या पांढऱ्या ठिपक्यांचंही नाव घेतलं. चिरंजीवाला हसू आलं नाही.

जय जिनेंद्र.